घरांतील अग्नि आणि घरांतील मूल

(नभोवाणीवरील भाषण)

१४ एप्रिल १९४४ या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ नांवाच्या बोटीला आग लागली. बोटींत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाहि होता. दुपारीं चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासानें दुसरा; आणि आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान परत आले नाहींत. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. या आठवड्यांत ठिकठिकाणीं प्रात्यक्षिकें होतात, व्याख्यानें होतात, आणि लाल बंब पाहावयास मुलें गर्दी करतात.

हें सर्व योग्यच आहे. परंतु तो सोहळा पाहतांना माझ्या मनांत एक विचार नेहमीं येतो. ज्या आगीनें मूल भाजतें ती आग बहुधा एवढी मोठी नसते. तिच्यासाठीं बंबाची घंटा वाजत नाहीं, शेजारच्या इमारतींतील माणसें खिडक्यांत येत नाहींत, दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत तिची वार्ता नसते. ती चहाच्या एका पेल्यांत मावते, निरांजनाच्या एका वातींत मावते, न्हाणीघरांतील एका बादलींत मावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें भाजल्यामुळें जगांत दरवर्षीं सुमारें १,८०,००० माणसें प्राणास मुकतात. आणि स्त्रिया व मुलें भाजतात तीं बहुतकरून घरच्या स्वयंपाकघरांतच. म्हणजे ज्या जागेस आपण सर्वांत सुरक्षित समजतों, तीच ही जागा!

या विषयावर बोलण्याचा अधिकार मला शिक्षिका म्हणून थोडा आहे. परंतु त्याहून अधिक आहे तो एका घडलेल्या गोष्टीमुळें. ती आधीं सांगतें.

मी तेव्हां आठनऊ वर्षांची होतें आणि माझी धाकटी बहीण दीड वर्षाची. आमच्या बाहेरच्या खोलींत एक बुटकें मेज होतें. त्यावर आईनें स्वतः विणलेलें दोऱ्याचें आच्छादन असे, आणि त्याची झालर चारी बाजूंनीं वीतभर खालीं लोंबत असे. रविवारची सकाळ होती. वडील वर्तमानपत्र वाचीत बसले होते आणि चहाचा पेला नुकताच मेजावर आला होता. बहीण रांगत आली, तिनें झालर धरली आणि उभी राहण्यासाठीं ती ओढली. पुढें काय झालें तें वर्णन करून सांगण्याची जरुरी नाहीं. तिचा डावा खांदा आणि दंड कोपरापर्यंत पोळला. आईनें तिला उचललें. शेजारच्या काकू शाईची दौत घेऊन धांवत आल्या, कारण भाजल्यावर शाई ओतावी अशी तेव्हां पुष्कळांची समजूत होती. ती निळी शाई आणि तिच्याखालची लाल झालेली कातडी आजहि माझ्या डोळ्यांसमोर आहे.

डॉक्टर येऊन गेले आणि मग घरांत बोलणें सुरू झालें. वडील आईस म्हणाले, “तुझें लक्ष कोठें होतें?” आई मला म्हणाली, “तुला तिच्याकडे पाहावयास सांगितलें होतें ना?” आणि मी मनांतल्या मनांत त्या दीड वर्षाच्या पोरीवर रागावलें कीं हिला एवढेंहि कसें समजूं नये! आजी मात्र कोणासच कांहीं बोलली नाहीं. तिनें मेजावरचें ओलें आच्छादन उचललें, धुतलें, वाळविलें, त्याची घडी केली आणि ती ट्रंकेंत ठेवून दिली. तें आच्छादन आमच्या घरांत पुन्हां कधींहि मेजावर आलें नाहीं. आणि त्या दिवसापासून वडिलांचा चहाहि मेजावर न येतां भिंतींतल्या उंच फडताळावर येऊं लागला.

आम्ही सर्वांनीं बोलून घेतलें. घर बदललें तें एकट्या आजीनें. आज मला जें सांगावयाचें आहे तें एवढेंच आहे: मुलाचें रक्षण दटावण्यानें होत नाहीं, घराची मांडणी बदलल्यानें होतें. दटावणी विसरली जाते. उंचावर ठेवलेला पेला उंचावरच राहतो.

दीडदोन वर्षांच्या मुलास “चटका बसेल हो!” असें आपण दिवसांतून दहादां सांगतों. तें मूल मान डोलावतें, आपलेच शब्द आपल्याला परत ऐकवितें, आणि आपली खात्री होते कीं त्याला समजलें. वास्तविक त्याला शब्द आला आहे, अर्थ आलेला नाहीं. आणि ज्याला अर्थ आला आहे त्यालाहि अजून हात आवरतां येत नाहीं. चकाकणारें, हलणारें, वाफ सोडणारें जें जें असेल तें तें धरून पाहावें हाच त्या वयाचा धर्म आहे. त्याच धर्मानें तें चालावयास, बोलावयास शिकतें. त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून माझी पहिली विनंति अशी कीं, घरांतील एका मोठ्या माणसानें एकदां जमिनीवर बसून, जमल्यास चक्क रांगून, सर्व घर पाहावें. हंसूं येईल, परंतु उभ्यानें जें कधीं दिसत नाहीं तें तेथून दिसेल. ओट्याच्या कडेबाहेर आलेली तव्याची मूठ दिसेल, विजेच्या किटलीची लोंबती दोरी दिसेल, इस्त्रीची वायर दिसेल, देव्हाऱ्याखालच्या फळीवर राहिलेली काडेपेटी दिसेल. हीं सर्व मुलाच्या दृष्टीनें आमंत्रणें आहेत.

आतां स्वयंपाकघरांत जाऊं. आपल्या आज्यापणज्यांची चूल जमिनीवर असे आणि रांगतें मूल विस्तवांत हात घालील ही त्यांना भीति असे. शहरांतील उभ्या ओट्यानें ती भीति बरीच दूर केली. पण तिच्या जागीं दुसरी आणली. उकळतें भांडें आतां मुलाच्या डोक्याहून उंच असतें, आणि तें कलंडलें म्हणजे डोकें, चेहरा, मान आणि छाती यांवर सांडतें. शरीर किती भाजलें हें मोजतांना प्रौढ माणसाचें डोकें व मान मिळून शरीराचा सुमारें ९ टक्के पृष्ठभाग धरतात. तान्ह्या मुलाचें तेंच सुमारें १८ टक्के धरतात. त्यांतून मुलाची त्वचा मोठ्या माणसाच्या त्वचेपेक्षां पातळ असते. आपल्या हातावर सांडला असतां केवळ हुळहुळणारा चहा मुलाच्या अंगावर खोल जखम करूं शकतो तो यामुळें.

यावर उपाय अवघड नाहींत. दोन चुलींपैकीं मागची, भिंतीकडची चूल आधीं वापरावी. भांड्यांच्या मुठी व दांडे आंतल्या बाजूस वळवावे. उकळता चहा, आमटी किंवा दूध घेऊन जातांना कडेवर मूल असूं नये. दोन्हींपैकीं एक खालीं ठेवावें आणि मगच दुसरें उचलावें. पंगतींत वाढतांना गरम आमटीचें भांडें जमिनीवर ठेवून मीठ आणावयास आंत जाऊं नये. ओट्यापासून दोन हातांवर जमिनीवर खडूनें एक रेघ ओढावी आणि स्वयंपाक चालूं असतां रेघेच्या आंत मुलानें यावयाचें नाहीं असा खेळासारखा नियम करावा. तीन वर्षांचें मूल “जपून राहा” हा उपदेश पाळूं शकत नाहीं. परंतु रेघ त्याला दिसते आणि ती तें आनंदानें पाळतें. त्याहून लहान मुलासाठीं मात्र रेघ उपयोगी नाहीं. तेथें दाराला आडवी फळी किंवा लहानसें फाटकच हवें.

गॅसविषयीं दोन शब्द. आपल्या घरीं सिलिंडरांतून येणारा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळती झाली तर तो वर न जातां जमिनीलगत पसरतो आणि साचतो. म्हणजे मूल जेथें बसतें तेथेंच. त्याला मुळांत वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचें द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळलेलें असतें. तो वास आला असतां विजेचें बटण दाबूं नये, चालूं करण्यासाठींहि नाहीं आणि बंद करण्यासाठींहि नाहीं. काडी ओढूं नये. सिलिंडरचें बटण बंद करून दारेंखिडक्या उघडाव्या, मुलांना बाहेर न्यावें आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकास फोन करावा. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी लागते. ती दिसावयास चांगली आहे म्हणून कांहीं चालवून घेऊं नये. रात्रीं निजण्यापूर्वीं सिलिंडरचें बटण बंद करणें हें दाराची कडी लावण्याइतकेंच सवयीचें झालें पाहिजे.

स्वयंपाकघराइतकीच धोक्याची, पण जिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं, अशी जागा म्हणजे न्हाणीघर. १९४७ सालीं मॉरित्स आणि हेन्रिक्स या दोघां अमेरिकन संशोधकांनीं उष्णतेमुळें त्वचेला होणाऱ्या इजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४४ अंश उष्णतेनें त्वचा जाळण्यास सुमारें सहा तास लागतात, आणि ६० अंशांच्या पाण्यास अवघे पांच सेकंद पुरतात, असें त्यांस आढळलें. हे अंश अर्थात् सेल्सिअसचे, आणि त्वचा मोठ्या माणसाची. मुलाच्या बाबतींत याहूनहि कमी वेळ धरावा. आपल्या घरांतील पाणी तापविण्याचीं यंत्रें सहज ६० अंशांपर्यंत पाणी तापवितात. यंत्रावर उष्णता ठरविण्याची सोय असल्यास ती ५० अंशांच्या वर जाऊं देऊं नये. बादलींत प्रथम थंड पाणी घ्यावें आणि त्यांत गरम मिसळावें. आधीं गरम पाण्यानें अर्धी बादली भरून मग थंड पाण्याची वाट पाहत बसण्याची आपली रीत मोडली पाहिजे, कारण त्या मधल्या दोन मिनिटांतच मूल बादलींत हात घालतें किंवा तोल जाऊन तींत पडतें. विजेची सळई बादलींत टाकून पाणी तापविणाऱ्या घरांत तर पाणी तापत असेपर्यंत न्हाणीघराचें दार बाहेरून कडी लावून बंदच ठेवावें.

येथवर मी बोललें तें उष्णतेविषयीं. आतां प्रत्यक्ष ज्योतीकडे वळूं. ऋग्वेदाचें पहिलेंच सूक्त अग्नीचें आहे. आपल्या घरांत अग्नि हा परका नव्हे. त्याच्याशिवाय आपली पूजा होत नाहीं, लग्न लागत नाहीं, दिवाळी उजळत नाहीं. त्याला घराबाहेर घालविणें शक्य नाहीं आणि इष्टहि नाहीं. परंतु ज्याला आपण देव मानतों त्याला योग्य आसन देणें हेंहि आपलेंच काम आहे. निरांजन जमिनीवर ठेवून आरतीला उभें राहणें, जिन्याच्या पायऱ्यांवर पणत्या मांडून त्यांच्यामधून मुलांना वरखालीं धांवूं देणें, मोठ्या रांगोळीच्या मध्यें समई ठेवून परकर नेसलेल्या मुलीस तिच्या पलीकडले रंग भरावयास सांगणें, यांत अग्नीचा मान राहत नाहीं आणि मुलाचें कल्याणहि होत नाहीं. ज्योत नेहमीं वर चढते. परकराच्या किंवा झग्याच्या घेराला खालीं लागलेली ज्योत कांहीं क्षणांत कंबरेपर्यंत येते. सुती कापड भरकन् पेटतें. नायलॉन, पॉलिएस्टर यांसारखें कृत्रिम धाग्याचें कापड जळतां जळतां वितळतें आणि कातडीला चिकटतें. समारंभासाठीं मुलींना जे फुगीर, तलम, झिरझिरीत झगे आपण घेतों ते बहुधा याच कापडाचे असतात. ज्या ठिकाणीं दिवे लावावयाचे आहेत तेथें मुलांचे कपडे अंगाबरोबर, जाड आणि सुती असावे, आणि दिवे कंबरेच्या वर असावे.

दिवाळींतील दारूकामांत सर्वांत निरुपद्रवी म्हणून आपण मुलाच्या हातीं काय देतों? फुलबाजी! तिच्या ठिणग्या फुलांसारख्या दिसतात हें खरें. परंतु जळत्या फुलबाजीची उष्णता १००० अंशांच्या घरांत जाते, आणि विझल्यानंतरहि तिची तार बराच वेळ पोळण्याइतकी तापलेली असते. म्हणून कडेवरच्या मुलाच्या हातांत ती कधींच देऊं नये. मोठ्या मुलानें ती हात लांब करून, उभ्यानें, एका वेळीं एकच धरावी. पाण्यानें भरलेली बादली शेजारीं असावी आणि विझलेली तार लगेच तींत टाकावी. अनवाणी मुलांचे पाय भाजतात ते पुष्कळदां अंगणांत फेंकून दिलेल्या या तारांवर. न पेटलेला भुईनळा वांकून पाहणें हा तर निव्वळ वेडेपणा होय. त्यावर लांबून पाणी ओतावें आणि तो विसरून जावा.

यावर कोणी विचारील, मग मुलांना आगीपासून सर्वस्वीं दूरच ठेवावयाचें काय? नाहीं. आणि हा माझ्या भाषणांतील दुसरा भाग आहे. मांडणी हें लहान मुलाचें संरक्षण. ज्ञान हें मोठ्या मुलाचें. पांचसहा वर्षांच्या मुलाचें कुतूहल काडेपेटीभोंवतीं फिरूं लागतें. “हात लावशील तर बघ!” असें म्हणून ती लपविली कीं तें मूल ती शोधून काढतें आणि पलंगाखालीं, पडद्यामागें किंवा गच्चीच्या जिन्यांत, म्हणजे नेमकें जेथें आपण नसतों तेथें, काडी ओढून पाहतें. त्यापेक्षां एखाद्या संध्याकाळीं वडिलांनीं त्याला जवळ घ्यावें, काडी कशी ओढतात, ती अंगापासून दूर कशी धरतात, समई लावून झाल्यावर ती पुरती विझवून पाण्यांत कशी टाकतात, हें आपल्या हाताखालीं करवून घ्यावें. आणि मोठें माणूस शेजारीं असल्याखेरीज काडी ओढावयाची नाहीं, असा करार करावा. जी गोष्ट मूल आपल्यासमोर करूं शकतें ती चोरून करण्यांत त्याला गोडी राहत नाहीं. काडेपेटी आणि लायटर मात्र तरीहि उंचावर, बंद कपाटांतच असावे.

शहरांतील सदनिकांविषयीं आणखी एक गोष्ट मला फार दिवस बोलावयाची आहे. चोरांच्या भयानें आपण खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवितों, दाराला दोनतीन कुलपें लावतों, आणि घरांत मुलें निजलेलीं असतां “पांच मिनिटांत येतों” म्हणून बाहेरून कुलूप लावून खालीं जातों. ज्या घरांत चोर शिरूं शकत नाहीं त्या घरांतून आगीच्या वेळीं मूल बाहेरहि पडूं शकत नाहीं. मुलांना एकटें कोंडून जाऊं नये. जाळीचा निदान एक भाग आंतून उघडणारा असावा आणि त्याची किल्ली कोठें असते तें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. दाराकडे जाणाऱ्या वाटेंत खोकीं, सायकली, जुन्या रद्दीचे गठ्ठे असूं नयेत. आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी रात्रभर त्याच वाटेंत भरावयास लावून निजूं नये, कारण ती पेटली तर बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. मोबाइलदेखील उशीखालीं किंवा गादींत ठेवून भरावयास लावूं नये. त्याला उष्णता बाहेर टाकावयास मोकळी जागा लागते.

आग लागल्यावर मोठें माणूस बाहेर पळतें. लहान मूल लपतें. भ्यालेलें मूल पलंगाखालीं, कपाटांत, दारामागें जाऊन बसतें, आणि जितकें भितें तितकें गप्प राहतें. म्हणून मुलांना आधींच खेळ म्हणून शिकवावें कीं, धूर दिसला तर लपावयाचें नाहीं, हांक मारावयाची. धूर वर जातो म्हणून खालीं वांकून, रांगत, दाराकडे जावयाचें. बंद दार हाताच्या मागल्या बाजूनें चांचपावयाचें आणि तें गरम लागल्यास उघडावयाचें नाहीं. बाहेर पडल्यावर ठरलेल्या जागीं, मग ती फाटकापाशीं असो वा समोरच्या झाडाखालीं, उभें राहावयाचें. आणि विसरलेली बाहुली आणावयास परत आंत जावयाचें नाहीं. उद्वाहनानें न जातां जिन्यानें उतरावयाचें. आपल्या अंगावरचा कपडा पेटला तर धांवावयाचें नाहीं, कारण धांवल्यानें वारा मिळून ज्वाळा वाढते. थांबावयाचें, दोन्ही हातांनीं तोंड झांकून जमिनीवर पडावयाचें आणि लोळावयाचें. हें सर्व वर्षांतून दोनदां सुटीच्या दिवशीं करून पाहावें. मुलांना त्यांत अतिशय मौज वाटते, आणि मौजेनें शिकलेलें संकटांत आठवतें. ११२ हा क्रमांक आणि आपल्या घराचा पत्ता पांच वर्षांच्या मुलाला पाठ असावा. अग्निशामक दलासाठीं १०१ आहेच.

इतकें करूनहि एखादे वेळीं मूल भाजतेंच. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघूं नये, म्हणून त्या वेळीं काय करावें हें आजच समजून घेऊं. भाजलेल्या भागावर ताबडतोब नळाचें साधें, थंड, वाहतें पाणी सोडावें, आणि तें पूर्ण २० मिनिटें सोडावें. दोन मिनिटांत रडें थांबलें म्हणून नळ बंद करूं नये. कातडीच्या आंत शिरलेली उष्णता तेव्हांहि आपलें काम करीतच असते. कांहीं कारणानें तत्काळ पाणी मिळालें नाहीं, तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत या उपायाचा फायदा होतो. भिजलेले गरम कपडे, बांगड्या, वाळे, करदोटा हीं सूज येण्यापूर्वीं काढावींत. परंतु कातडीला चिकटलेला कपडा ओढूं नये. मुलाचें बाकीचें अंग कोरड्या कपड्यानें उबदार ठेवावें, नाहींतर तें गारठतें. नंतर स्वच्छ सुती कापडानें जखम सैलसर झांकावी. शाई नको, हळद नको, तूप नको, दांत घासण्याचें मलम नको, किसलेला बटाटा नको आणि बर्फहि नको. यांपैकीं कांहीं जखमेंत घाण नेतात, कांहीं उष्णता आंत कोंडतात. बर्फ आधींच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा करतो. फोड फोडूं नयेत. मुलाच्या स्वतःच्या तळहाताहून मोठी जखम असेल, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल, विजेनें भाजलें असेल, किंवा मूल तान्हें असेल, तर पाणी सोडून झाल्याबरोबर डॉक्टरांकडे न्यावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कढईंतल्या तेलानें पेट घेतला तर त्यावर पाणी ओतूं नये. तेल उसळून आगच घरभर उडते. गॅस बंद करावा, कढईवर मोठें ताट किंवा झांकण सरकवावें आणि ती आपोआप निवेपर्यंत हलवूं नये.

श्रोतेहो, माझ्या बहिणीच्या हातावरील तो व्रण गेला नाहीं. ती शाळेंत असतांना लांब बाह्यांचें पोलकें घालीत असे, उन्हाळ्यांतहि. आम्हां सर्वांस त्याचें कारण ठाऊक होतें आणि कोणीहि तें बोलून दाखवीत नसे. आईनें त्यानंतर विणकामाची सुई पुन्हां हातीं घेतली नाहीं. तिला कोणी दोष दिला नव्हता असें नाहीं. परंतु सर्वांत जास्त दोष तिचा तिनेंच घेतला होता, आणि तो तिनें शेवटपर्यंत बाळगला. शाईऐवजीं त्या दिवशीं वीस मिनिटें नुसतें पाणी सोडलें असतें तर तो व्रण इतका खोल झाला नसता, असें मला पुढें एका डॉक्टरांनीं सांगितलें. तें मीं आईस कधींच कळविलें नाहीं. आज तुम्हांस मात्र सांगतें, कारण तुमच्या घरीं अजून वेळ गेलेली नाहीं.

बहीण आतां स्वतः आजी झाली आहे. मध्यंतरीं मी तिच्याकडे गेलें होतें. तिचा नातू नुकताच धरून धरून उभा राहूं लागला आहे. बाहेरच्या खोलींतलें मेज उघडें होतें. त्यावर एकहि कापड नव्हतें. तिनें चहा केला, दोन पेले उंच फळीवर ठेवले, आणि मला म्हणाली, “ताई, येथें उभ्यानेंच पिऊं. तो निजला म्हणजे मग बसूं.” त्या मुलाला कोणी दटावलें नाहीं. दटावण्याचें कारणच कोणी ठेवलें नव्हतें.

आपणांपैकीं ज्यांच्या घरीं लहान मूल आहे, किंवा सुटींत नातवंडें यावयाचीं आहेत, त्यांस माझें एकच मागणें आहे. मीं सांगितलेल्या सर्व गोष्टी लक्षांत ठेवण्याचा यत्न करूं नका. हें भाषण संपल्यावर उठा, घरांतून एक फेरी मारा आणि एक वस्तु, फक्त एकच, तिच्या आजच्या जागेवरून हलवा. काडेपेटी असेल, किटलीची दोरी असेल, मेजावरचें आच्छादन असेल. उद्यां दुसरी हलवितां येईल.